सूर्यफुलाच्या दाण्याची पाठराखण

पेरले ते उगवते, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाच्या वागणुकीला ती लागू पडत असेल. शेताला मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. पेरलेले सगळेच उगवते असे नाही, हे शेतकऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? काही दाणे पाखरे टिपतात, काही बुरशीने कुजतात, काही मोठ्या पावसाने दडपले जातात, आणि काही दाणे मातीच्या आतच कोणीतरी खाऊन टाकते. यातले शेवटचे नुकसान फसवे असते, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. पानावरची अळी दिसते, शेंड्यावरचा मावा दिसतो, कणसावरचा पोपट तर ओरडून सांगतो की मी आलो आहे. मातीखालचा चोर मात्र दाणा खातो आणि मागे पुरावा ठेवत नाही. आठ दिवसांनी ओळीत हात-हात लांबीच्या मोकळ्या जागा दिसू लागतात. मग शेतकरी म्हणतो, "बी खोटं निघालं," दुकानदार म्हणतो, "पेरणी खोल झाली," आणि खरा गुन्हेगार वितभर खाली स्वस्थ बसलेला असतो.

या मातीतल्या चोरांपासून सूर्यफुलाचे बी कसे राखावे, आणि राखताना आपले दुसरे काही नुकसान होत नाही ना हे कसे पाहावे, याविषयी आज थोडे बोलू.

सूर्यफूल हे मूळचे आपले पीक नव्हे. त्याचे माहेर उत्तर अमेरिका. तिथल्या मूळच्या रहिवाशांनी ते रानातून शेतात आणले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले, पण पुष्कळ वर्षे ते बागेतल्या शोभेपुरतेच राहिले. तेलाचे पीक म्हणून त्याला प्रतिष्ठा दिली ती रशियन शेतकऱ्यांनी, एकोणिसाव्या शतकात. आपल्या देशात ते व्यापारी पीक म्हणून आले ते १९६९ साली, रशियातून आणलेल्या वाणांच्या रूपाने. पुढे कर्नाटक, आंध्र आणि आपल्याकडे मराठवाडा, सोलापूर या भागांत ते चांगले रुजले. लातूरला तर तेलबियांचे संशोधन केंद्रच आहे, आणि तिथे निघालेले सूर्यफुलाचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. १९९० नंतरच्या काही वर्षांत देशात वीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र या पिकाखाली होते. आज ते त्याच्या एका लहानशा हिश्श्यावर आले आहे. दर, रोग, पाखरांचा उपद्रव, सोयाबीनची ओढ, अशी त्याची कारणे अनेक. पण आपल्या कढईतले सूर्यफुलाचे तेल काही कमी झाले नाही. ते आता बहुतांशी परदेशांतून, त्यातही युक्रेन आणि रशियातून येते. २०२२ साली तिकडे युद्ध पेटले तेव्हा इथल्या वाण्याच्या दुकानात तेलाचा डबा महाग झाला, हे आपण पाहिले. तेव्हा जे शेतकरी आजही हे पीक घेतात, त्यांच्या शेतातली एकेक ओळ भरलेली असणे ही केवळ त्यांच्या घरची गोष्ट राहत नाही.

आता हिशेब पाहा. संकरित सूर्यफुलाचे बी हेक्टरी साधारण पाच ते सहा किलो लागते. हजार दाण्यांचे वजन पन्नास ग्रॅम धरले, तर एका किलोत वीस हजार दाणे बसतात. म्हणजे पाच किलोत एक लाख. भारी जमिनीत दोन ओळींत साठ सेंटिमीटर आणि दोन रोपांत तीस सेंटिमीटर अंतर ठेवले, तर हेक्टरात पंचावन्न हजार जागा होतात. प्रत्येक जागी दोन दाणे टोकायचे आणि दहा-बारा दिवसांनी विरळणी करून एकच जोमदार रोप ठेवायचे, अशी ही पद्धत. ज्वारीला हेक्टरी दहा किलो बी लागते आणि तिचा दाणा सूर्यफुलाच्या दाण्याहून पुष्कळ हलका. म्हणजे ज्वारीचे दाणे सूर्यफुलाच्या दाण्यांच्या कितीतरी पट भरतात. ज्वारीत चार दाणे गेले तर गेले. सूर्यफुलात चार दाणे जातात तेव्हा दोन जागाच रिकाम्या पडतात.

त्यात सूर्यफुलाची घडण अशी की एक रोप, एक ताट, एक फूल. गव्हासारखे त्याला फुटवे येत नाहीत. शेजारचे रोप मोकळी जागा मिळाल्यावर थोडे मोठे फूल धरते हे खरे. पण रिकामी जागा ती रिकामीच. नांग्या भराव्यात म्हटले, तर मागून लावलेले रोप पुढच्या रोपांच्या सावलीत दबते आणि त्याचे फूल उशिरा येते. म्हणून सूर्यफुलात जे काय राखायचे ते पहिल्या पंधरवड्यातच राखावे लागते.

दुसरी गोष्ट उगवणीच्या तऱ्हेची. हरभरा किंवा तूर उगवते तेव्हा तिची डाळ मातीतच राहते आणि फक्त कोंब वर येतो. वरचा कोंब कोणी कुरतडला तरी खालून दुसरा कोंब फुटण्याची आशा असते. ज्वारीचा वाढीचा शेंडा तर पहिला महिनाभर जमिनीच्या आतच असतो. वरचे पान गेले तरी ती पुन्हा उभी राहते. सूर्यफुलाचे तसे नाही. ते वाकलेल्या मानेने माती वर ढकलते आणि आपल्या दोन्ही जाड डाळिंब्या वर घेऊन येते. कधी कधी तर डोक्यावर टरफलाची टोपीही तशीच असते. वाढीचा शेंडा या दोन डाळिंब्यांच्या मध्ये असतो. म्हणजे सगळी पुंजी एकाच गाठोड्यात, आणि ते गाठोडे एका कोवळ्या देठावर तोललेले. त्या देठाला डाळिंब्यांच्या खाली एक चावा बसला की रोप संपले. पुन्हा फुटायला मागे काही उरत नाही.

हा चावा घेणारे कोण कोण असतात, ते आता पाहू.

पहिली, रोपे कुरतडणारी अळी. ही एका करड्या पतंगाची अळी. मातकट रंगाची, गुळगुळीत, आणि हात लावला की अंगाचे वेटोळे करून पडणारी. दिवसा ती रोपाच्या बुडाशी ढेकळाखाली दडते, रात्री बाहेर येऊन देठ कापते. सकाळी रोपे जमिनीलगत कापून आडवी पडलेली दिसली, तर कापलेल्या रोपाभोवतीची माती बोटभर उकरून पाहावी. बहुधा चोर तिथेच सापडतो.

दुसरी, तारेसारखी अळी. ही पिवळसर, कडक, चकचकीत. बोटांत धरली तर खरोखरच तारेचा तुकडा धरल्यासारखी वाटते. हिचा भुंगा उताणा पडला की 'टक्' असा आवाज करून उडी घेतो आणि पालथा होतो. युरोपात, रशिया-युक्रेनच्या काळ्या मातीत हिचा उपद्रव फार. तिथे ही अळी तीन ते पाच वर्षे मातीत काढते आणि पडीक गवताळ रान नांगरून पेरले की पहिल्या वर्षी विशेष त्रास देते. आपल्याकडे तिच्यासारखीच दिसणारी, पण दुसऱ्या कुळातल्या काळपट धुळकट भुंग्यांची अळी आढळते. ती फुगलेला दाणा पोखरते, आणि तिचा भुंगा कोवळा देठ कुरतडतो.

तिसरी आपल्या ओळखीची वाळवी, कोणी तिला उधई म्हणतात. हलकी जमीन, पावसाचा ताण आणि न कुजलेले शेणखत ही तिची आवडती ठिकाणे. चौथी हुमणी. वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या झाडांवर गर्दी करतात. मग माद्या मातीत अंडी घालतात. अळी लहान असताना कुजलेल्या पाल्यावर जगते आणि पावसाळ्याच्या मध्याला मोठी झाली की मुळ्या खाऊ लागते. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्याचे कारण येईल.

बियाणे पेरण्यापूर्वी त्यावर काही संस्कार करावा, ही कल्पना नवी नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा जो अध्याय आहे, त्यात बियांना दूध, तूप, शेण यांचे संस्कार सांगितले आहेत. आपल्या वाडवडिलांनी सरकी शेणामातीत चोळून पेरली. काणी पडू नये म्हणून जोंधळ्याला गंधक चोळण्याचा उपाय तर कित्येक जुन्या शेतकऱ्यांना आजही तोंडपाठ आहे. युरोपात १८०७ साली प्रेव्हो नावाच्या अध्यापकाने मोरचुदाच्या पाण्याने गव्हाची काणी रोखता येते हे दाखवून दिले. यात कीटक नव्हते, बुरशी होती. पण शेतभर औषध उधळण्याऐवजी ते दाण्यालाच बांधून द्यावे, हे तत्त्व तेच.

मातीतल्या किडींसाठी मात्र विसाव्या शतकाच्या मध्याला दुसराच मार्ग रूढ झाला. बीएचसीची दहा टक्क्यांची भुकटी हेक्टरी वीस-पंचवीस किलो पेरणीपूर्वी मातीत मिसळायची. बाहेरच्या देशांत त्यातलाच शुद्ध भाग, लिंडेन, बियाण्याला चोळण्याचीही चाल होती. किडी मरत, यात शंका नाही. पण ही औषधे मातीतून लवकर जात नाहीत. ती धान्यात, दुधात, माणसाच्या चरबीत साठत जातात. म्हणून आपल्याकडे १९९७ साली बीएचसीवर आणि २०१३ साली लिंडेनच्या वापरावर बंदी आली. लिंडेनला तर २००९ सालीच स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय करारात निषिद्ध औषधांच्या यादीत घातले होते. कोणाच्या माळ्यावर अशी जुनी पिशवी अजून पडून असेल, तर ती कामाची वस्तू नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

त्यांच्या जागी १९९० नंतर औषधांचे नवे कुळ आले. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही त्यातली आपल्या ऐकिवातली नावे. तंबाखूचा काढा फवारल्यावर किडी मरतात हे आपल्याला ठाऊक आहे. त्या काढ्यातले निकोटिन किडीच्या मज्जातंतूंवर ज्या जागी घाव घालते, त्याच जागी ही औषधेही घालतात. त्यांचा विशेष असा की ती पाण्यात विरघळून मुळावाटे रोपाच्या रसात शिरतात. दाण्याभोवती मातीचे एक लहानसे संरक्षित वर्तुळ तयार होते, आणि उगवलेल्या रोपाचा देठ व पानेही काही आठवडे किडीला बाधक राहतात. आपल्याकडे सूर्यफुलाच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड सत्तर टक्के भुकटी किलोला पाच ग्रॅम लावण्याची जी शिफारस आहे, ती मुख्यतः फुलकिड्यांसाठी. १९९७ साली कर्नाटकात सूर्यफुलावर शेंडा करपवणारा एक विषाणूरोग दिसला आणि फुलकिडे त्याच्या प्रसाराला हातभार लावतात असे आढळले. म्हणून हा उपाय. मातीतल्या लहानसहान किडींपासून मिळणारे रक्षण त्याच्याबरोबरच येते.

आता मात्रेचा हिशेब करू. पाच किलो बियाण्याला पंचवीस ग्रॅम भुकटी. त्यात प्रत्यक्ष औषध साडेसतरा ग्रॅम. पूर्वी पंचवीस किलो भुकटीतून अडीच किलो औषध एका हेक्टरात जाई. म्हणजे वजन शंभरपटीहूनही अधिक उतरले! शिवाय फवारणीचा पंप नको, वारा नको, चार मजूर नकोत. हे ऐकून कोणीही म्हणेल, की मग दर वर्षी, दर शेतात, डोळे मिटून बीजप्रक्रिया करावी. त्यात विचार तो काय करायचा?

विचार करायचा तो इथेच. कारण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती सूर्यफुलाच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे.

वजन उतरले म्हणून जहालपणा उतरला असे होत नाही. मधमाशीला मारायला इमिडाक्लोप्रिड किती लागते? ग्रॅमचे अब्ज भाग केले, तर त्यातले मोजके काही भाग. दाण्याला लावलेल्या औषधाचा पाचवा हिस्सासुद्धा बहुधा रोप घेत नाही. उरलेले मातीत राहते आणि तिथे ते महिनोन्महिने टिकू शकते. रोपाने जे घेतले, त्याचा अगदी थोडा अंश पुढे फुलातल्या परागात आणि मधातही उतरतो. फ्रान्समध्ये १९९४ साली सूर्यफुलाला अशी प्रक्रिया सुरू झाली आणि तिथले मधपाळ तक्रार करू लागले, की सूर्यफूल फुलले की आमच्या माश्या भ्रमल्यासारख्या होतात, पेटीकडे परत येत नाहीत. पाच वर्षे वाद चालला आणि १९९९ साली फ्रेंच सरकारने सूर्यफुलापुरता हा वापर थांबवला. २००८ साली जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात निराळाच प्रकार घडला. मक्याच्या बियाण्याला औषध नीट चिकटलेले नव्हते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रातून त्याची धूळ उडाली, शेजारच्या फुलांवर बसली, आणि अकरा हजारांहून अधिक मधपेट्यांना तिची बाधा झाली. पुढे २०१३ साली युरोपीय संघाने मधमाश्या ज्या पिकांवर येतात त्यांच्या बियाण्याला ही औषधे लावण्यावर निर्बंध घातले, आणि २०१८ साली तीन प्रमुख औषधांचा उघड्या शेतातला वापरच बंद केला. तारेसारख्या अळीने आणि रोपे खाणाऱ्या भुंग्यांनी गांजलेले रुमानियाचे शेतकरी त्यानंतरही तात्पुरती सवलत मिळवत राहिले. पण २०२३ च्या जानेवारीत युरोपच्या न्यायालयाने बंदी असलेल्या औषधाच्या बियाण्याला अशी सवलत देता येत नाही, असा निर्णय दिला.

आपल्याकडे ही बंदी नाही. पण म्हणून प्रश्न नाही असे नव्हे. सूर्यफुलाच्या एका फुलात शेकडो बारीक फुले असतात, आणि बहुतेकांना स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. तो पराग वाऱ्याने फारसा जात नाही, मधमाशी नेते. माश्या आल्या नाहीत तर फुलाच्या मधोमध पोचट दाणे राहतात. मग शेतकरी सकाळी हाताला तलम कापड गुंडाळून एकेका फुलावरून हात फिरवतो. म्हणजे जे काम माशी फुकट करीत होती, ते मजुरीने करून घ्यावे लागते. ओळी भरलेल्या, आणि फुले पोचट! दाणा राखण्याच्या नादात दाणा भरणारीच गमावली, तर त्या राखणीला काय अर्थ राहिला?

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही विमा शिकवतो. धोका असो वा नसो, हप्ता भरावा लागतो, आणि धोका खरा असेल तरच तो हप्ता शहाणपणाचा ठरतो. बीजप्रक्रिया हा असाच एक विमा आहे. त्याचा हप्ता आपण पैशात थोडा भरतो आणि उरलेला माती व मधमाश्या भरतात. तेव्हा आधी पाहावे, आपल्या शेतात धोका आहे का?

हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खळगे घ्यावेत. प्रत्येकात रात्रभर भिजवलेली मूठभर ज्वारी किंवा मका टाकावा, मातीने झाकावे आणि वर खूण ठेवावी. माती ओली हवी, म्हणजे वाफसा असताना हे करावे. मोडाच्या वासाने आसपासच्या अळ्या तिथे जमतात. आठवड्याने खळगे उकरून, माती गोणपाटावर पसरून मोजावे. काहीच सापडले नाही, तर निदान मातीतल्या किडीसाठी औषधाची निकड नाही. जवळजवळ प्रत्येक खळग्यात अळ्या सापडल्या, तर मात्र उघड्या दाण्याने पेरणी करणे म्हणजे चोराला जेवायला बोलावणे होय.

आणि औषधाखेरीजची राखणही विसरू नये. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की अळ्या नि कोष वर येतात. काही उन्हाने मरतात, काही बगळे, मैना, कावळे टिपतात. नांगरामागे चालणारे बगळे हे आपले बिनपगारी मजूरच आहेत. शेणखत पुरते कुजलेलेच घालावे. कच्चे शेणखत म्हणजे वाळवीला आणि हुमणीला आमंत्रण. कुरतडणारी अळी असेल तर संध्याकाळी ओळींमधून गवताचे लहान लहान ढीग ठेवावेत आणि सकाळी त्यांच्याखाली दडलेल्या अळ्या वेचाव्यात. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर झाडांवर जमतात, तेव्हा सगळ्या गावाने मिळून फांद्या हलवून ते गोळा करावेत. एकट्याने करून भागत नाही, कारण भुंगेऱ्याला बांधाची ओळख नसते.

हुमणीचा क्रम लक्षात ठेवा म्हटले होते, ते एवढ्यासाठी. बीजप्रक्रियेचा जोर पहिले काही आठवडे असतो, आणि हुमणी मुळे खायला लागते ती पावसाळ्याच्या मध्याला. म्हणजे पहारेकरी गेल्यावर चोर येतो. अशा शेतात नुसत्या बीजप्रक्रियेवर भिस्त ठेवू नये; भुंगेरे वेचणे आणि मेटारायझियम नावाची उपकारक बुरशी शेणखतातून देणे, हेच मार्ग अधिक कामाचे. तारेसारख्या अळीबाबतही कॅनडातल्या संशोधकांना गव्हावर असे दिसले, की या नव्या औषधांनी अळी पुष्कळदा मरत नाही. गुंगी आल्यासारखी पडून राहते आणि पुढे सावध होते. पीक वाचते, पण कीड मातीत तशीच राहते. दर वर्षी तेच औषध वापरून एक दिवस शेत स्वच्छ होईल, ही आशा म्हणूनच फोल आहे.

आता समजा, पाहणी केली, धोका खरा ठरला. मग बीजप्रक्रिया कशी करावी? पहिली गोष्ट, पिशवी वाचावी. संकरित बियाणे बहुधा कारखान्यातूनच प्रक्रिया करून, गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगात येते. त्यावर कोणती औषधे लावली आहेत ते पिशवीवर छापलेले असते. त्याच औषधाचा दुसरा थर देऊ नये. त्याने रक्षण दुप्पट होत नाही, उगवण मात्र बिघडू शकते. बियाणे साधे असेल तर क्रम लक्षात ठेवावा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या तोंडावर, अॅझोटोबॅक्टरसारखे जिवाणू खत. लातूरच्या बाजूला १९८४ च्या सुमारास सूर्यफुलावर केवडा रोग दिसला, तेव्हापासून त्या भागात बुरशीनाशकाची प्रक्रियाही महत्त्वाची मानतात. जिवाणू शेवटी का, तर ते जिवंत असतात. औषधाच्या ओल्या लेपात त्यांना घोळणे म्हणजे त्यांना मारणेच.

काम सावलीत, मोकळ्या हवेत करावे. हातात रबरी मोजे, नाकातोंडाला फडके. बियाणे जाड प्लास्टिकच्या पिशवीत किंवा फिरत्या पिंपात घालावे, वर बेताचे पाणी शिंपडून औषध टाकावे आणि हलक्या हाताने घोळावे. प्रत्येक दाण्याला सारखा रंग चढला की झाले. चोळताना जोर करू नये. सूर्यफुलाचे टरफल तडकले तर उगवण जाते. मग गोणपाटावर पसरून सावलीतच सुकवावे. औषध दाण्याला पक्के बसले पाहिजे, भुकटी सुटी राहता कामा नये. जर्मनीत घात झाला तो त्या सुट्या धुळीनेच. आणि पेरताना दाणा पाच सेंटिमीटर खोल जाऊन मातीने झाकला गेला पाहिजे. बांधाच्या टोकाशी पाभर उचलताना चार दाणे वर सांडतात, ते वेचून घ्यावेत; चिमणी-तितर ते टिपतात आणि त्याने मरूही शकतात.

शेवटची गोष्ट उरलेल्या बियाण्याची, आणि ती मी घरातल्या बायामाणसांनाही उद्देशून सांगतो. १९७१ साली इराकमध्ये दुष्काळानंतर सरकारने परदेशांतून गहू आणि जव बियाण्यासाठी आणले. त्याला बुरशीसाठी पाऱ्याचे औषध लावलेले होते, दाणे रंगवलेले होते. पोत्यांवरच्या सूचना होत्या इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. कित्येक गावांत बियाणे पोहोचले तोवर पेरणी उरकली होती. घरात धान्य नव्हते. लोकांनी दाणे धुतले, रंग गेला, आणि विषही गेले असे समजून त्यांनी त्याच्या भाकरी केल्या. कोंबड्यांना घालून पाहिले, त्या लगेच मेल्या नाहीत; माणसांनाही लगेच काही झाले नाही. काही आठवड्यांनी हातपाय बधिर होऊ लागले, दृष्टी गेली, चालता येईना. सहा हजारांहून अधिक माणसे दवाखान्यांत दाखल झाली आणि चारशेहून अधिक तिथेच दगावली. आजच्या सूर्यफुलाच्या बियाण्यावर पारा नसतो, हे खरे. पण धुतल्याने रंग जातो, औषध जातेच असे नाही, हा धडा तोच आहे. आणि सूर्यफुलाचा दाणा तर मुलांनी सोलून सहज तोंडात टाकावा असा! म्हणून उरलेले रंगीत बियाणे धान्याच्या कोठीजवळ ठेवू नये, घाण्याला घालू नये, कोंबड्यांपुढे टाकू नये. हवे तेवढेच घ्यावे, तेवढेच भिजवावे. उरलेच तर मूळ पिशवीत बांधून, कुलपात ठेवावे. पिशवीवर जो रंगीत त्रिकोण असतो त्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे खाण्याजोगा नव्हे बरं का, तोही औषधच.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, एवढे ध्यानात ठेवावे. पेरणीआधी आठवडाभर मातीला विचारावे, तुझ्या पोटात कोण आहे? तिने उत्तर दिले तर दाण्याला औषधाची पाठराखण द्यावी, मापाने द्यावी, आणि उरलेले कुलपात ठेवावे. तिने काही नाही म्हटले, तर साध्या दाण्यावर विश्वास ठेवायला घाबरू नये. दीड-दोन महिन्यांनी फुले पूर्वेकडे तोंड करून उभी राहतील, तेव्हा सकाळच्या उन्हात त्यांच्यावर माश्यांचा गुणगुणाट ऐकू आला पाहिजे. ओळ भरली आहे हे डोळ्यांना दिसते. दाणा भरणार आहे हे त्या गुणगुणाटावरून कळते.